भयकथेत अतिमानवी शक्ती असायलाच हवी का?

भूतपिशाच किंवा तत्सम अतिमानवी शक्तीवाचून भयकथा लिहिता येते का, असे आपण विचारले आहे. येते. एडगर ॲलन पो यांच्या १८४३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द टेल-टेल हार्ट’मध्ये खुन्याला आपणच मारलेल्या म्हाताऱ्याच्या हृदयाचे ठोके पायाखालच्या फळ्यांतून ऐकू येतात, त्यासाठी खुन्याच्या बिघडलेल्या मनाखेरीज दुसरे काही गृहीत धरावे लागत नाही.

तरीही लेखक पुन्हा पुन्हा भुताखेतांकडे वळतात, याचे कारण माझ्या मते भुताच्या अक्राळविक्राळ रूपात नसून, त्याच्यापुढे नेहमीचे सगळे उपाय निकामी ठरतात यात आहे. खुनी माणसापासून पळता येते, दार लावून घेता येते, पोलिसांना बोलावता येते. जे मरूनही संपत नाही त्याच्यापुढे यांतले काहीच चालत नाही, आणि पात्राबरोबर वाचकाचाही आधार सुटतो. मात्र ही शक्ती अमर्याद केली की भीती उलट ओसरते, कारण जिथे काहीही घडू शकते तिथे वाचक कशाचीच धास्ती घेत नाही. म्हणून तिला नियम लागतात. ब्रॅम स्टोकर यांच्या ‘ड्रॅक्युला’तल्या (१८९७) पिशाचाला घरातल्या कोणी बोलावल्याशिवाय पहिल्यांदा आत पाऊल टाकता येत नाही. वरवर पाहता हे त्याचे दुबळेपण; पण त्यामुळेच वाचकाची नजर पिशाचावरून घरातल्या माणसांकडे वळते आणि यांच्यातले कोण त्याला आत घेईल, हा प्रश्न छळू लागतो.

याहून अवघड प्रकार म्हणजे अतिमानवी काही आहे की नाही, हेच ठरू न देणे. साहित्यसमीक्षक त्स्वेतान तोदोरोव्ह यांनी १९७० साली अद्भुत साहित्याची व्याख्याच या द्विधेवर उभी केली. हेन्री जेम्स यांच्या ‘द टर्न ऑफ द स्क्रू’मध्ये (१८९८) दोन मुलांना सांभाळणाऱ्या शिक्षिकेला मृत नोकरांच्या आकृत्या दिसतात. भुते खरी असतील तर मुले भुतांच्या तावडीत आहेत, नसतील तर शिक्षिकेच्या. सुटका कुठल्याच अर्थाने नाही. शेवट अर्धवट सोडला की गूढता आपोआप येते, असे मानणाऱ्यांनी (असे लेखक पुष्कळ आहेत) ही रचना बारकाईने पाहावी.

राहिला सगळ्याचा उलगडा करण्याचा मार्ग. ॲन रॅडक्लिफ यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या कादंबऱ्यांतल्या अमानुष भासणाऱ्या घटनांची शेवटी लौकिक कारणे दिली. मला तो मार्ग बहुधा निरस वाटतो, कारण पानोपानी वाढवलेल्या भीतीच्या मानाने कारण फारच किरकोळ निघते. तरीही आपल्याला तसाच शेवट करायचा असेल, तर उलगड्यातून समोर येणारे माणसाचे कृत्य भुतापेक्षा भयंकर असू द्यावे.