थायरॉईडचा रिपोर्ट नॉर्मल असताना डिप्रेशनच्या गोळीसोबत थायरॉईडची गोळी का देतात?

चिठ्ठीत चूक झालेली नाही. ही जुनी युक्ती आहे. 1969 मध्येच अमेरिकेत इमिप्रामिन या डिप्रेशनच्या गोळीसोबत टी-3 हे थायरॉईडचं हार्मोन देऊन पाहिलं होतं आणि रुग्णांना लवकर उतार पडला होता.

एकदोन औषधं पुरेशा डोसमध्ये, पुरेसे आठवडे घेऊनही मन उभारी धरत नसेल, तर चालू गोळी तशीच ठेवून जोडीला टी-3, म्हणजे लायोथायरोनिन, देतात. डोस साधारण 25 ते 50 मायक्रोग्रॅम. 'स्टार-डी' या मोठ्या अमेरिकन अभ्यासात दोन औषधं निकामी ठरलेल्यांपैकी टी-3 घेणाऱ्या सुमारे 25 टक्के लोकांची लक्षणं जवळपास गेली, टी-3 ऐवजी जोडीला लिथियम हे दुसरं औषध घेणाऱ्यांत 16 टक्के. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक ठोस नव्हता, पण टी-3 सोसायला सोपं गेलं. चारातला एक म्हणजे जादू नव्हे, हेही खरं.

आता गोळीच्या पाकिटावरचं नाव नीट वाचा. आपल्याकडे घरोघरी असते ती थायरॉक्सिन, म्हणजे टी-4. ती वेगळी. घरात आईची आहेच म्हणून तीच सुरू केली, असलं कृपया करू नका.

छातीत धडधड, हात थरथरणं, घाम, झोप उडणं असं काही झालं तर लगेच डॉक्टरांना कळवा. हृदयाचा त्रास किंवा हाडं ठिसूळ असतील तर ते आधीच सांगा. टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी अधूनमधून करावी लागतेच. बायपोलरचा, म्हणजे मन कधी अति उत्साही तर कधी अति उदास होण्याच्या आजाराचा, इतिहास असेल तर तोही लपवू नका.