कार्बन कर हवाच कशाला? शिरोलीच्या भट्टीवरून एक उत्तर

ऊर्जा कार्यक्षमतेचे कायदे असताना कार्बन कर (कोळसा, तेल जाळण्यावरचा, आणि म्हणून वीजही महाग करणारा कर) कशाला, तो निव्वळ महसूल गोळा करण्याचा मार्ग नाही का, असे आपण विचारले आहे. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, मी भट्ट्यांची देखभाल पाहतो. माझ्या मते आपली शंका अर्धी खरी आहे.

वस्तू विकत घेणारा एक आणि वीजबिल भरणारा दुसरा असतो, तिथे कायदाच कामी येतो. राजारामपुरीतला घरमालक भाड्याच्या खोलीत सर्वांत स्वस्त गिझर बसवतो, कारण बिल भाडेकरू भरणार असतो. वीज कितीही महाग केली तरी भुर्दंड भलत्याच माणसाला पडतो. 2001 च्या ऊर्जा संवर्धन कायद्याखाली फ्रिज, एसी, गिझर यांना तारांकनाचे लेबल सक्तीचे झाले, आणि त्यामुळे अगदीच वीजखाऊ माल दुकानातून हटला. कराने हे साधले नसते.

भट्टीवर मात्र गोष्ट उलटी आहे. इंडक्शन भट्टीत एक टन बीड (ओतीव लोखंड) वितळवायला साधारण 550 ते 650 युनिट वीज लागते. झाकण उघडे राहिले किंवा साचे तयार नसल्यामुळे वितळलेला रस थांबवून धरावा लागला, की हाच आकडा चढू लागतो. त्याहून मोठी गळती रिजेक्शनची, म्हणजे नापास मालाची. फुगे धरलेले कास्टिंग (ओतलेला भाग) पुन्हा भट्टीत जाते, तेव्हा त्याच लोखंडासाठी दुसऱ्यांदा वीज जळते आणि ही नासाडी कुठल्याच लेबलावर दिसत नाही. झाकण लावले की नाही हे पाहायला निरीक्षक रोज येणार नाही (आला तरी चहा घेऊन जाईल). बिल मात्र प्रत्येक हीटचा (भट्टीच्या एका खेपेचा) हिशेब मागते. किमतीचा धाक पोहोचतो तो इथे.

आता आपल्या शंकेचा खरा अर्धा भाग. आपल्याकडे कोळशावर असा कर लागून गेला आहे: 2010 मध्ये टनाला 50 रुपये उपकर सुरू झाला आणि 2016 पर्यंत तो 400 रुपयांवर गेला. नाव स्वच्छ ऊर्जेचे होते. पण 2017-18 पर्यंत जमलेल्या सुमारे 86,000 कोटी रुपयांपैकी स्वच्छ ऊर्जेच्या निधीकडे 30,000 कोटीही वळले नाहीत. जीएसटी आल्यावर ही रक्कम राज्यांच्या बुडालेल्या महसुलाच्या भरपाईकडे गेली आणि सप्टेंबर 2025 मध्ये तो उपकर काढून कोळशावरील जीएसटी 5 वरून 18 टक्के करण्यात आला. लोकांचा विश्वास उडतो तो करापेक्षा अशा हिशेबामुळे. अर्थात पैसे परत दिले म्हणजे प्रश्न मिटतो असेही नाही: कॅनडाने इंधनावरील कार्बन शुल्काचा बराचसा पैसा थेट कुटुंबांना परत दिला, तरीही ग्राहकांवरील ते शुल्क एप्रिल 2025 पासून बंद करावे लागले.

म्हणून कर लावायचाच असेल, तर निदान आमच्यासारख्या लहान कारखान्यांकडून घेतलेला पैसा नवी भट्टी घेण्यासाठी स्वस्त कर्जाच्या रूपाने परत यावा, असे मला वाटते. नाहीतर जुनी भट्टी बदलायची ऐपत नसलेला मालक नुसताच दंड भरत राहील.

निर्यात करणाऱ्यांना तर हा वाद फार काळ लांबवता येणार नाही. युरोपीय संघाने पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट अशा आयात मालावर सीमेवरच कार्बनची किंमत लावण्याची व्यवस्था जानेवारी 2026 पासून पूर्णपणे लागू केली आहे, आणि मूळ देशात भरलेली कार्बनची किंमत त्यातून वजा करण्याची तिच्यात सोय आहे. तेव्हा अशा मालापुरता प्रश्न इतकाच उरतो, की तो पैसा दिल्लीत जमा व्हावा की युरोपात.