कॉलेजच्या इम्प्रोव्ह शोसाठी ऑडिशन कशी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की इम्प्रोव्हसाठी (म्हणजे संहिता न लिहिता, आयत्या वेळी सुचेल तसं करायचं नाटक) तीसेक नावं आलीत, आठ जण निवडायचेत आणि प्रत्येकाला एकट्याला तीन मिनिटं द्यायचा विचार आहे. तसं करू नका. लातूरला पहिल्या वर्षी आम्ही तेच केलं. युवक महोत्सवात मिमिक्री गाजवलेली पोरं आली, हसून हसून पुरेवाट झाली, सगळी घेतली. तालमीत कळलं की कुणी कुणाचं ऐकतच नाही.

पुढच्या वर्षी सहा-सहाचे गट केले, गटाला ४० मिनिटं. पहिली दहा मिनिटं खेळ, त्याला मार्क नाहीत. गोल उभं राहून एकेकानं एकच शब्द बोलायचा आणि गोष्ट पुढं न्यायची. (मार्क नाहीत म्हणतो खरं, पण ज्याला प्रत्येक वेळी भारीच शब्द सुचवायचा असतो त्याच्यापाशी गोष्ट अडकते, ते दिसतंच.) मग जोड्या लावून दोन-दोन मिनिटांचे प्रवेश, जोडी बदलून पुन्हा एकदा.

एका प्रवेशाला विषय दिला होता पाणी. एक पोरगा खांद्यावर घागर असल्यासारखा वाकत आला. समोरचा आमचा मिमिक्रीवाला म्हणाला, "काय बे, तोफ घेऊन कुठं निघालास?" हशा पडला, पण घागरवाल्याला पुढं काही सुचेना. जोडी बदलली. आता समोर जी मुलगी होती तिनं फॉर्मवर 'स्टेजवर कधी गेले नाही' असं लिहिलेलं. तिनं दोन्ही हातांनी घागर उतरवून घेतली, आत डोकावली आणि म्हणाली, "अर्धीच हाय की. उरलेली कुणाच्या दारात सांडून आलाव?" दोन मिनिटं संपली तरी भांडण थांबेना. मी तिच्या नावापुढं लगेच खूण केली. समोरच्यानं दिलेलं घ्यायचं आणि त्यात आपलं घालायचं, एवढंच बघायचंय तुम्हाला.

भाषेचंही आधीच सांगून टाका. आपली पोरं माईकसमोर आली की पुण्याचं बोलायला लागतात आणि अर्धं डोकं त्यातच जातं. हे खेळ ज्यांनी रुजवले त्या वायोला स्पोलिन १९३९ च्या सुमारास शिकागोत बाहेरून आलेल्या कुटुंबांतल्या मुलांसोबत काम करत होत्या. घरची भाषा वेगवेगळी असलेल्या पोरांना एकत्र खेळता यावं म्हणून त्यांनी हे खेळ बनवले. तेव्हा घरी बोलता तसंच बोला म्हणावं.

वेळ ११ ते ३ ठेवा. संध्याकाळी ठेवली की गावाकडच्या मुली एसटीच्या धाकानं येतच नाहीत. जात, अंगकाठी आणि सरांची नक्कल यावर विनोद नको, हे फॉर्मवरच छापा.

मिमिक्रीवाल्याला आम्ही सोडलं नाही. शोच्या दिवशी प्रेक्षकांकडून विषय मागून घ्यायचं काम त्याला दिलं. मागच्या रांगेतल्या टवाळ पोरांना त्याच्याइतकं कुणालाच आवरता आलं नसतं.