कॅनडाची 'एलएमआयएवाली ऑफर' १४ लाखांना: पैसे देण्याआधी हे तपासा

तुम्ही लिहिलेलं थोडक्यात असं: वय ३१, अविवाहित, मेकॅनिकल बीई, चाकणला आठ वर्षं सीएनसी विभागात क्वालिटीचं काम. आयईएल्ट्सला ऐकण्यात ७.५ आणि बाकी तिन्हींत ६.५, सीआरएस, म्हणजे पीआरसाठीच्या (कायम वास्तव्यासाठीच्या) 'एक्सप्रेस एंट्री' पद्धतीतले गुण, ३४९. बाणेरचा एजंट ब्रॅम्प्टनमधल्या एका रेस्टॉरंटची 'फूड सर्व्हिस सुपरवायझर'ची ऑफर एलएमआयएसह (परदेशी कामगार नेमायला कॅनडा सरकार मालकाला देतं ती मंजुरी) १४ लाखांना देतोय. चार लाख या आठवड्यात, उरलेले व्हिसा आल्यावर. मालकाने मुलाखत घेतलेली नाही, पत्र जीमेलवरून आलंय. '५० गुण वाढतील, रिस्क आमची' असं एजंटचं म्हणणं. या ऑफरवर भरवसा ठेवावा का?

अजिबात ठेवू नका. एक रुपयाही देऊ नका.

सगळ्यात आधी त्या ५० गुणांचं बघू. एक्सप्रेस एंट्रीत नोकरीच्या ऑफरला मिळणारे सीआरएस गुण २५ मार्च २०२५ पासून बंद झाले आहेत. पूर्वी बहुतेक पदांना ५० आणि वरिष्ठ व्यवस्थापनाच्या पदांना २०० मिळायचे. आता ऑफर शंभर टक्के खरी असली तरी सीआरएसमध्ये शून्य. एजंटला हे माहीत नसेल तर तो कामाचा नाही, आणि माहीत असूनही तो ५० गुण विकत असेल तर पुढचं काही ऐकायची गरज नाही. ऑफरचा उपयोग आता वर्क परमिटसाठी, काही प्रांतांच्या योजनांसाठी आणि फेडरल स्किल्ड ट्रेड्ससारख्या मोजक्या ठिकाणी उरला आहे, आणि तिथे नोकरी खरी आहे का हे बारकाईने बघतात.

कसं बघतात, ते समजून घ्या. कॅनडाच्या इमिग्रेशन नियमावलीच्या कलम २००(५) मध्ये चार कसोट्या आहेत: मालकाचा धंदा खरोखर चालू आहे का, त्या धंद्याला या पदाची गरज आहे का, कबूल केलेला पगार आणि अटी त्याला झेपतील का, आणि आधीचे नियम त्याने पाळलेत का. एलएमआयए हातात असली तरी व्हिसा अधिकारी हे पुन्हा तपासू शकतो.

तिसऱ्या कसोटीवर ब्रॅम्प्टनची ऑफर कशी अडकते पाहा. ब्रॅम्प्टन टोरंटो महानगर क्षेत्रात येतं. २६ सप्टेंबर २०२४ पासून, जिथे बेरोजगारी ६ टक्के किंवा जास्त आहे अशा महानगर क्षेत्रांत कमी पगाराच्या पदांच्या एलएमआयए अर्जांवर, काही क्षेत्रं वगळता, प्रक्रियाच होत नाही. रेस्टॉरंट त्या वगळलेल्या क्षेत्रांत नाही. म्हणून कागदोपत्री पगार 'हाय वेज'च्या (जास्त पगाराच्या पदांच्या) रेषेवर नेला जातो. ओंटारिओत ही रेषा २७ जून २०२५ पासून ताशी ३६ डॉलर होती. आता जॉब बँक या सरकारी संकेतस्थळावर याच पदाचा त्या भागातला मध्यम पगार काढा, तो याच्या पुष्कळ खाली दिसेल. सुपरवायझरला ताशी ३६ डॉलर देणारं छोटं रेस्टॉरंट अधिकाऱ्याच्या डोळ्यांत लगेच खुपतं. आणि तिथे पोचलात, तर मालक खात्यावर ३६ च्या हिशेबाने पगार जमा करतो आणि वरचे पैसे रोख परत मागतो, कधी स्वतःच्या वाट्याचा करसुद्धा तुमच्याकडून काढतो. परमिट एकाच मालकाशी बांधलेलं असल्यामुळे माणूस तोंड उघडत नाही.

तुमच्या बाबतीत आणखी एक गाठ आहे. कलम २००(३) प्रमाणे तुम्हाला ते काम जमेल असं अधिकाऱ्याला वाटलं पाहिजे. आठ वर्षं मायक्रोमीटर आणि सीएमएम या मापनयंत्रांवर काम केलेला माणूस अचानक रेस्टॉरंट सुपरवायझर कसा? एजंटकडे याचं ठरलेलं उत्तर असतं: 'हॉटेलचं एक्स्पीरियन्स लेटर आम्ही बनवतो.' म्हणजे दुसरा खोटा कागद. त्याच महिन्यांचा चाकणच्या कंपनीचा पीएफ तुमच्या पासबुकात दिसतो, फॉर्म १६ वर तीच कंपनी आहे, पगार तिथूनच खात्यात येतो. दोन कागद समोरासमोर ठेवले की खोटं उघडं पडतं.

आणि 'रिस्क आमची' हे तर साफ खोटं. अर्जावर सही तुमची असते. तिथल्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० खाली खोटी माहिती दिली किंवा महत्त्वाची माहिती दडवली, तर पाच वर्षं कॅनडाची दारं बंद, त्या काळात पीआरचा अर्जही करता येत नाही. खोटी माहिती तुमच्यातर्फे दुसऱ्याने दिली असली तरी ती तुमच्याच नावावर धरतात. 'एजंटने केलं, मला माहीत नव्हतं' हा बचाव फार क्वचित चालतो. पुढे ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियाच्या फॉर्मवरही 'कुठे व्हिसा नाकारला गेलाय का' याचं खरं उत्तर द्यावं लागतं.

पैशांचा हिशेब सरळ आहे. एलएमआयएची सरकारी फी दर पदामागे १,००० डॉलर, ती मालकाने भरायची आणि कामगाराकडून वसूल करायची नाही. भरतीचा खर्चही कामगारावर टाकता येत नाही. मग १४ लाख कशाचे? पावतीवर 'डॉक्युमेंटेशन चार्जेस' लिहिलं तरी विकली जातेय ती नोकरीच. आपल्याकडे १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याकडे परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते, आणि त्याला घेता येणारं सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी. नोंदणी ई-मायग्रेट पोर्टलवर नाव टाकून दिसते. भिंतीवरचं शॉप अ‍ॅक्टचं प्रमाणपत्र किंवा जीएसटी नंबर म्हणजे ही नोंदणी नाही.

पैसे घेऊन कॅनडाच्या अर्जाचा सल्ला देणारा तिथला वकील, क्यूबेकचा नोटरी किंवा परवानाधारक सल्लागार, म्हणजे आरसीआयसी, असावा लागतो. आरसीआयसीचा क्रमांक 'आर'ने सुरू होतो आणि त्यांचं नियमन करणाऱ्या संस्थेच्या ('कॉलेज'च्या) सार्वजनिक नोंदवहीत सापडतो. नुसता क्रमांक जुळला म्हणून थांबू नका, दुसऱ्याचा क्रमांक छापणारे खूप आहेत. नोंदवहीतल्या ईमेलवर लिहून विचारा की ही फाइल तुम्हीच हाताळताय का. प्रतिनिधी असेल तर आयएमएम ५४७६ फॉर्मवर त्याचं नाव आणि सही हवी. 'फॉर्मवर आमचं नाव नको, लॉगिन आम्हीच बनवतो' असं म्हणणारा उद्या नामानिराळा होणार.

मालकाची पडताळणी तुम्ही घरी बसून करू शकता. कंपनीचं नाव ओंटारिओच्या बिझनेस रजिस्ट्रीत शोधा. एलएमआयए मंजूर झालेल्या मालकांची यादी कॅनडा सरकार दर तिमाहीला खुली करतं, आणि नियम मोडणाऱ्या मालकांची वेगळी यादी आहे. दोन्हींत नाव बघा. फोन नंबर पत्रावरचा घेऊ नका, नकाशावरून काढा आणि आपल्याकडे रात्री साडेआठला लावा, उन्हाळ्यात तिथे सकाळचे ११ असतात. विचारा: जागा कुठल्या पदाची, आठवड्याला किती तास, जाहिरात कधी दिली होती? एलएमआयएसाठी साधारणपणे किमान चार आठवडे जाहिरात द्यावी लागते, म्हणून खऱ्या मालकाला तारीख सांगता येते. ज्या मालकाला हा एजंटच माहीत नाही, त्याच्या नावाचं पत्र बनावट आहे.

आता खरा रस्ता. तुमच्याकडे तो आहे, म्हणूनच हे १४ लाख जास्त खटकतात. ७.५, ६.५, ६.५, ६.५ म्हणजे सीएलबी ८ (सीएलबी ही कॅनडाची इंग्रजीची मोजपट्टी). चारही भागांत फक्त अर्धा बँड वाढवून ८, ७, ७, ७ आणलेत की सीएलबी ९ होतं. भाषेचे ९२ वरून १२४, परदेशी अनुभव आणि भाषेच्या जोडीचे २५ वरून ५०, पदवी आणि भाषेच्या जोडीचे १३ वरून २५. एकूण ६९ गुण, म्हणजे एजंटच्या ५० पेक्षा जास्त, आणि हे खरे. बेरीज ४१८. त्यावर फ्रेंचमध्ये चारही भागांत एनसीएलसी (फ्रेंचची तशीच मोजपट्टी) ७ आलं, तर १२ आणि बोनसचे ५० मिळून ४८० पर्यंत जाता, शिवाय फ्रेंच येणाऱ्यांच्या गटासाठीच्या निमंत्रण-फेऱ्यांचा कटऑफ सर्वसाधारण फेऱ्यांपेक्षा बराच खाली राहत आला आहे. फ्रेंचला शून्यापासून दीड-दोन वर्षं धरा, पुण्यात आलियाँस फ्राँसेज आहेच. वयाचे गुण मात्र गळत राहतात, ३२ लागताच ९९ चे ९४ होतील, तेव्हा आयईएल्ट्सची तारीख आधी घ्या. ऑफर हवीच असेल तर स्वतःच्या कामातली शोधा: मशीनिस्ट आणि मशीनिंग इन्स्पेक्टर, कॅनडाच्या व्यवसाय-यादीत (एनओसी) क्रमांक ७२१००. जॉब बँकेवर परदेशी उमेदवारांसाठीचा वेगळा विभाग आहे.

ज्यांनी आधीच पैसे भरलेत त्यांच्यासाठी. प्रोफाइलमध्ये ती ऑफर टाकली असेल आणि निमंत्रण आलेलं नसेल, तर आजच काढून टाका. अर्ज गेला असेल तर निर्णयाआधी वेबफॉर्मवरून स्वतःहून दुरुस्ती कळवा, पण मजकूर परवानाधारकाकडून तपासून घ्या. प्रोसिजरल फेअरनेस लेटर (निर्णयाआधी तुमचं म्हणणं मागणारं पत्र) आलं असेल तर त्यात दिलेल्या मुदतीत खरं उत्तर गेलंच पाहिजे. तिथे पोचून पिळवणूक होत असेल तर 'व्हल्नरेबल वर्कर' ओपन वर्क परमिट (एकाच मालकाशी न बांधलेलं) मागता येतं.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, व्यवहाराचा यूटीआर क्रमांक हाताशी ठेवा. मग पोलीस ठाण्यात लेखी तक्रार (फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८), आणि विनानोंदणी भरतीबद्दल मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स कार्यालयाकडे वेगळी. एजंटला जाब विचारण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपचं पूर्ण संभाषण फाइलींसकट एक्स्पोर्ट करून स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा, कारण जाब विचारला की तो पहिल्यांदा मेसेजेस डिलीट करतो.