वाचक विचारतात: लंडनमध्ये फ्लॅट घेऊन आठवडाभर राहायचं तर

सुटीत लंडनला जाऊन हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेला फ्लॅट घेऊ पाहणाऱ्या कुटुंबांचे बरेच प्रश्न आले आहेत. बहुतेकांचा भर रात्रीच्या भाड्यावर आहे. आमच्या मते खर्च ठरतो तो दुसऱ्या दोन गोष्टींवर: शेगडी कोणती आहे आणि स्टेशन किती लांब आहे.

प्रश्न : आम्ही चौघे, मुलं 9 आणि 13 वर्षांची. 7 रात्री राहायचं आहे. एक फ्लॅट रात्रीला 95 पौंड, दुसरा 120. पण पहिल्याचं बिल शेवटच्या पानावर फुगतं. तुलना कशी करायची? (पुणे)

रात्रीचा दर बाजूला ठेवा. पैसे भरायच्या शेवटच्या पानावरचा आकडा घ्या आणि रात्रींनी भागा. समजा, पहिल्याचे 7 रात्रींचे 665 पौंड, साफसफाईचे 110 आणि संकेतस्थळाचं शुल्क 115, म्हणजे 890. दुसऱ्याला वेगळं शुल्क नाही, तर 840. ‘स्वस्त’ फ्लॅट 50 पौंडांनी महाग पडला. साफसफाईचे पैसे एकदाच लागतात, त्यामुळे तीन रात्री राहणाऱ्यांना ते जास्त टोचतात आणि दहा रात्रींना जाणवतही नाहीत.

मग प्रवास जोडा. लंडनचं भाडं झोनवर आहे: मधला भाग झोन 1 आणि बाहेर जाल तसा आकडा वाढतो. संपर्करहित (कॉन्टॅक्टलेस) बँक कार्ड स्टेशनच्या दारावर टेकवलं की दिवसाचं भाडं एका मर्यादेनंतर थांबतं, पण ती मर्यादाही लांबच्या झोनला मोठी असते. प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं. आत जाताना कार्ड आणि बाहेर येताना त्याच कार्डाचा फोन टेकवला, तर यंत्रणा ते दोन वेगळे प्रवासी समजते आणि दोन्हीकडे जास्तीत जास्त भाडं कापते. आठवड्याची मर्यादा सोमवार ते रविवार मोजतात. गुरुवारी उतरून पुढच्या बुधवारी निघालात, तर तिचा उपयोग जवळजवळ होत नाही. जमलं तर रविवारी पोहोचा.

9 वर्षांचं मूल मोठ्यांबरोबर ट्यूब (लंडनची भुयारी रेल्वे) आणि बसमध्ये फुकट जातं. 13 वर्षांच्या मुलासाठी ऑयस्टर कार्ड (आधी पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड) घ्या आणि हीथ्रोच्या किंवा मोठ्या ट्यूब स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याला ‘यंग व्हिजिटर’ सवलत त्यावर चढवायला सांगा. 11 ते 15 वयाला 14 दिवस निम्मं भाडं पडतं. ही सवलत आपोआप मिळत नाही, मागावी लागते.

भाग कोणता? आमची पहिली पसंती टूटिंग ब्रॉडवे आणि ईलिंग ब्रॉडवे, दोन्ही झोन 3. टूटिंगला भारतीय वाणसामान दारात मिळतं आणि ट्यूबची नॉर्दर्न लाइन थेट शहरात जाते. ईलिंगहून एलिझाबेथ लाइन ही रेल्वे आहे. वेम्बली पार्क आणि साउथॉल झोन 4 मध्ये येतात, खाण्यापिण्याला उत्तम. मात्र वेम्बलीच्या स्टेडियममध्ये सामना किंवा मैफल असेल त्या दिवशी भाडी चढतात आणि रात्री स्टेशनात शिरायला रांग लागते. स्टेडियमचं वेळापत्रक पाहूनच तारखा धरा. ‘स्टेशनपासून जवळ’ या शब्दांवर विसंबू नका. नकाशावर चालत जायचा वेळ काढा. 10 मिनिटांच्या वर असेल, तर रोज संध्याकाळी थकलेली मुलं बसचा हट्ट धरतील. बसचं एक भाडं भरल्यावर तासाभरात दुसऱ्या बसला पैसे पडत नाहीत, एवढा दिलासा आहे.

एक कायदाही माहीत असू द्या. बृहद्लंडनमध्ये संपूर्ण घर वर्षात 90 रात्रींपेक्षा जास्त अल्पमुदतीने द्यायचं, तर नियोजन परवानगी लागते. मर्यादा भरत आली की काही मालक बुकिंग रद्द करतात किंवा संकेतस्थळाबाहेर व्यवहार करायला बघतात. ही धास्ती नको असेल, तर सर्व्हिस्ड अपार्टमेंट, म्हणजे हॉटेलसारखी सेवा असलेला फ्लॅट पाहा. जून ते सप्टेंबरमध्ये जात असाल तर विद्यापीठांची वसतिगृहंही पाहा: एलएसई, किंग्ज, इम्पीरियल ही मंडळी सुटीत खोल्या पर्यटकांना देतात. काही वसतिगृहांत स्वयंपाकघर असतं, पण भांडी बहुधा नसतात. आधी विचारा.

प्रश्न : कुकर आणि तवा इथून न्यावा का? (सांगली)

आधी शेगडी कोणती ते मालकाला लिहून विचारा आणि फोटो मागवा. नव्या फ्लॅटमध्ये गॅस क्वचित असतो. काळ्या काचेची सपाट शेगडी दोन प्रकारची असते आणि फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात. सिरॅमिकमध्ये काचेखाली तार लाल होते. त्यावर कोणतंही सपाट बुडाचं भांडं चालतं, पण ती उशिरा तापते आणि बंद केल्यावरही बराच वेळ गरम राहते. दूध उतू जातं ते त्यामुळेच: बंद करणं पुरत नाही, भांडं उचलावं लागतं. इंडक्शनमध्ये काच तापत नाही, भांड्याचं बूड तापतं. म्हणून बूड चुंबकाला चिकटणारं हवं. फ्रिजवरचं चुंबक बुडाला लावून पाहा. घट्ट चिकटलं तर चालेल. साध्या अ‍ॅल्युमिनियमचा कुकर, तांब्याचं पातेलं, अ‍ॅल्युमिनियमचा नॉनस्टिक तवा इंडक्शनवर ढिम्म राहतात.

फोडणीची पळी बऱ्याचदा लोखंडी असूनही चालत नाही, याने लोक गोंधळतात. कारण आकार. बूड साधारण 12 सेंटिमीटरपेक्षा लहान असलं तर बहुतेक इंडक्शन शेगड्यांना भांडं ठेवलं आहे हेच कळत नाही. फोडणी भाजीच्या पातेल्यातच करा आणि आच मधली ठेवा. इंडक्शनच्या सर्वात वरच्या आकड्यावर पातळ पातेल्यातलं दोन चमचे तेल अर्ध्या-एक मिनिटात धुरावतं आणि मोहरी तडतडायच्या आत करपते. खोलगट तवाही नको, कारण तो मध्येच टेकतो आणि पोळी कडेला कच्ची राहते. बिडाचा तवा चालतो, पण काचेवर सरकवू नका, उचलून ठेवा. चरा पडला तर अनामत रकमेतून कापतील.

पूर्ण आठवडा असेल तर इंडक्शनला चालणारा 3 लिटरचा स्टीलचा कुकर न्यावा, तोही चेक-इन सामानात. चार दिवसांसाठी नको. मसूर आणि मूगडाळ साध्या पातेल्यात 20 ते 25 मिनिटांत शिजते. तूर अर्धा तास भिजवूनही पाऊण तास घेते. लंडनचं पाणी जड आहे, त्यातल्या कॅल्शियममुळे डाळ-कडधान्य शिजायला वेळ लागतो. चिमूटभर खायचा सोडा टाका. (चहावर येणारा तवंग आणि केटलमधला पांढरा थर याच पाण्याचा. तो अपायकारक नाही.) राजमा, छोले तिथे 400 ग्रॅमच्या डब्यात शिजवलेले मिळतात. पाणी काढल्यावर साधारण 240 ग्रॅम उरतात, चौघांना दोन डबे पुरतात.

शेगडी सुरूच होत नसेल, तर मालकाला फोन करण्याआधी ओट्याच्या वरची भिंत पाहा. तिथे मोठं, बहुधा लाल बटण असतं. ते बंद असलं की शेगडी मेल्यासारखी दिसते. तेही चालू असेल, तर काचेवरच्या किल्लीच्या चिन्हावर तीन-चार सेकंद बोट दाबून धरा, मुलांसाठीचं कुलूप सुटतं.

आपल्या उपकरणांना तिथली वीज चालते, 230 व्होल्टच आहे. फक्त तीन चपट्या पिनांचा अ‍ॅडॅप्टर लागतो. त्यावरचा अँपिअरचा आकडा वाचा. 13 अँपिअरचा जवळपास 3000 वॉट झेलतो. स्वस्तातला 6 अँपिअरचा असेल, तर त्यावर इस्त्री लावू नका.

प्रश्न : फोडणी दिली की धुराचा भोंगा वाजतो म्हणतात. खरं का? (ठाणे)

खरं आहे. वेगळं स्वयंपाकघर असेल तर तिथे बहुतेक उष्णता ओळखणारा भोंगा असतो, तो फोडणीला सहसा वाजत नाही. पण स्टुडिओ फ्लॅटमध्ये पलंग आणि शेगडी एकाच खोलीत असतात आणि छतावर धूर ओळखणारा असतो. शिवाय कित्येक ठिकाणचा शेगडीवरचा पंखा धूर बाहेर टाकतच नाही, कोळशाच्या जाळीतून गाळून खोलीतच परत सोडतो. वरच्या मजल्यांवरच्या खिडक्या सुरक्षेसाठी वीतभरच उघडतात. तेव्हा आधी पंखा, मग खिडकी, मग तेल, हा क्रम ठेवा आणि तेल धुरावण्याआधी मोहरी टाका. सुकट, बोंबील तिथे भाजू नका, वास पडद्यांत आणि गालिच्यात आठवडे राहतो. भोंग्यावर पिशवी बांधणं किंवा त्याची बॅटरी काढणं कधीही करू नका. आगीच्या वेळी त्याच इमारतीतली दहा कुटुंबं त्याच्यावर अवलंबून असतात.

प्रश्न : किराणा किती लागेल आणि काय इथून न्यावं? (डोंबिवली)

सात दिवस तिन्ही वेळा घरी रांधायचा बेत करू नका, तिसऱ्या दिवशी बारगळतो. रोजची न्याहारी, पाच रात्रींचं जेवण आणि दुपारचा डबा एवढं धरा. चौघांना तांदूळ दीड किलो, डाळ 750 ग्रॅम, तेल 1 लिटर, कणीक दीड किलो पुरे. एका पोळीला 30 ग्रॅम कोरडी कणीक धरली तर पन्नासेक पोळ्या होतात. लाटणं नसेल तर काचेची गोल बाटली चालते. पोळी फुगवायला आच नाही, म्हणून तव्यावरच स्वच्छ फडक्याने कडा दाबा. दूध 4 पाइंटच्या, म्हणजे 2.27 लिटरच्या कॅनमध्ये घ्या. निळं झाकण पूर्ण साईचं, हिरवं निम्म्या साईचं, लाल बिनसाईचं. चहाला निळंच.

मोठी खरेदी आल्डी किंवा लिडल या स्वस्त सुपरमार्केटांत करा. कोपऱ्यावरच्या ‘एक्स्प्रेस’, ‘लोकल’ पाटीच्या दुकानांत तीच वस्तू महाग पडते. रविवारी मोठी दुकानं कायद्याने फक्त 6 तास उघडी असतात, बहुतेक 11 ते 5 किंवा 10 ते 4. रविवारी संध्याकाळी उतरणाऱ्यांची पहिल्याच दिवशी पंचाईत होते. कोथिंबीर सुपरमार्केटात चिमूटभर मिळते, टूटिंग किंवा साउथॉलला जुडी मिळते.

इथून नेताना दूध आणि दुधाचे पदार्थ नको: तूप, पेढे, खवा, पनीर भारतातून ग्रेट ब्रिटनमध्ये नेता येत नाही. मांसाचंही तेच. बहुतेक ताज्या फळांना आणि भाज्यांना प्रमाणपत्र लागतं. गोडा मसाला, हिंग, हळद, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी न्या. डाळ-तांदळाचं ओझं वाहू नका, तिथे सगळीकडे मिळतं. हळदीचा हात पांढऱ्या ओट्यावर लागला तर लगेच पुसा, रात्रभरात डाग पक्का होतो.

दुपारचा डबा सोबत ठेवा. नॅचरल हिस्टरी म्युझियम आणि सायन्स म्युझियम दोन्ही फुकट आहेत आणि दोन्हीकडे घरचा डबा खायला जागा आहे.

प्रश्न : सासूबाई-सासरे सत्तरी ओलांडलेले आहेत. फ्लॅट निवडताना काय विचारावं? (नागपूर)

पायऱ्या आणि न्हाणीघर. जुन्या घरांचे फ्लॅट केलेले असतात, लिफ्ट नसते. ‘लोअर ग्राउंड’ म्हणजे तळघर, तिथे ओल असते आणि फोनला रेंज कमी. ट्यूबच्या बऱ्याच स्टेशनांतही जिना चढावा लागतो. एलिझाबेथ लाइनच्या सर्व स्टेशनांत रस्त्यापासून फलाटापर्यंत पायऱ्यांशिवाय जाता येतं, म्हणून सत्तरीपुढच्यांसाठी आम्ही ईलिंग ब्रॉडवे सुचवू. हीथ्रोहून मात्र त्या लाइनचं भाडं ट्यूबच्या पिकॅडिली लाइनपेक्षा बरंच जास्त आहे.

न्हाणीघरात टब आहे का, हे नेमकं विचारा. टबची कड ओलांडताना गुडघेदुखी असलेले पडतात. उभं राहून अंघोळ करायची जागा हवी. आणि घरातल्या सगळ्यांना समजावून सांगा: तिथे मोरी नसते. फरशीला पाणी जायला वाट नाही. तांब्याने अंगावर घेतलेलं पाणी बाहेर सांडलं की लाकडी तळातून झिरपून खालच्या घराच्या छतावर उतरतं आणि भरपाई मोठी असते. पडदा टबच्या आत सोडा. शौचालयात पाण्याचा फवारा नसतो, प्लास्टिकचा मग न्या.

गरम पाणी टाकीचं असेल, तर लागोपाठ तीन-चार अंघोळींनंतर गार येतं. दोन सकाळी, दोन रात्री करा. कपडे धुण्याच्या यंत्रात वाळवणही असेल, तर निम्मेच कपडे घाला. 7 किलो धुणारं यंत्र 4-5 किलोच वाळवतं. पूर्ण भरलंत तर चार तासांनीही कपडे दमटच निघतील.

प्रश्न : मालक म्हणतो, संकेतस्थळ सोडा, थेट बँकेत पैसे भरा, 15 टक्के सूट देतो. (कोल्हापूर)

भरू नका. थेट पाठवलेले पैसे परत मिळवायला तुमच्या हाती काही उरत नाही आणि बनावट जाहिरातींची हीच पद्धत आहे. फोटो शोधयंत्रात टाकून पाहा, तेच दुसऱ्या शहराच्या नावाने दिसले तर बाजूला व्हा. व्हिसा हाती येईपर्यंत पूर्ण पैसे परत मिळणारंच बुकिंग ठेवा, पाच-सात टक्के महाग पडलं तरी.

प्रश्न : विमान सकाळी 7 ला उतरतं, फ्लॅट दुपारी 3 ला मिळतो. मधला वेळ? (छत्रपती संभाजीनगर)

सामान लवकर ठेवू देता का, हे बुकिंगआधी विचारा. पुष्कळ जण 11 नंतर ठेवू देतात. नाही म्हणाले, तर किंग्ज क्रॉस, व्हिक्टोरियासारख्या मोठ्या स्टेशनांवर सामानघर आहे, पण नगागणिक पैसे पडतात. म्हणून चौघांच्या दोनच मोठ्या बॅगा करा. किल्ली बहुधा दाराजवळच्या आकड्यांच्या पेटीत असते. तो आकडा आणि पत्ता कागदावर लिहून घ्या, विमानतळावर उतरल्यावर फोनला नेट लगेच लागतंच असं नाही.