भातलावणीत व्यायामवर्ग बंद करू नकोस

आजी-आजोबा तोल जाऊन पडू नयेत म्हणून त्यांचा व्यायामवर्ग सुरू करणं सोपं गं. पहिल्या आठवड्यात देवळाचा सभामंडप भरतो. खरी कसोटी पावसात. लावणी लागली की निम्मी माणसं शेतावर, उरलेली घरात. आणि नेमकं तेव्हाच जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं. तेव्हा वर्ग वाड्यावाड्यांत वाटून टाक: चार-पाच घरांना एक पडवी. गणपतीत, शिमग्यात घरं चाकरमान्यांनी भरलेली असतात, कोणी येणार नाही. सुट्टी दे, पण पुन्हा कधी भेटायचं ते आधीच ठरव. व्यायाम सोडला की सुधारलेला तोल ओसरत जातो.

व्यायामात फार कल्पकता नको. खुर्चीतून हात न टेकता उठणं, टाचा उचलणं, टाचेला चवडा लावत चालणं, एका पायावर उभं राहणं. जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांपुढच्यांना तोल आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यातून किमान ३ दिवस करायला सांगते. जमू लागलं की थोडं अवघड कर, आधाराचा हात हळूहळू सोडायला लाव. बसून टाळ्या वाजवायला सगळ्यांना आवडतं, पण तेवढ्याने पडणं थांबत नाही. आधाराला लाकडी जड खुर्ची ठेव, प्लॅस्टिकची सरकते. चक्कर येणाऱ्याला किंवा नुकत्याच पडलेल्याला आधी डॉक्टरांकडे पाठव.

हजेरीची वही निवृत्त गुरुजींकडे दे. न आलेल्या आजीला फोन तू नको, तिच्या मैत्रिणीला करू दे. आणि चहा व्यायामानंतरच. आधी दिलास तर नुसत्या गप्पा होतात.