गिअरबॉक्स उतरवण्याआधी

प्रश्न : आमची सात आसनांची डिझेल गाडी 2010 सालची असून तिचे 2,40,000 किलोमीटर पूर्ण झाले आहेत. तिला हाताने बदलायचे पाच गिअर आहेत आणि इंजिनाचा जोर मागच्या चाकांना जातो. नोंदणीचे नूतनीकरण नुकतेच केल्यामुळे आणखी पाच वर्षे ती वापरायची इच्छा आहे. सकाळी पहिले दोन-तीन किलोमीटर दुसरा गिअर खर्रकन आवाज करून पडतो. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना घरघर येते, ती क्लच दाबला की थांबते. कुंभार्ली घाट उतरताना तिसरा गिअर कधीकधी आपोआप न्यूट्रलला येतो, म्हणून मी लिव्हर हाताने दाबून धरतो. ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबला की खालून ‘खट्’ असा आवाज येतो. जुलै 2021 च्या पुरात गाडी निम्म्या दारापर्यंत पाण्यात होती. तेव्हा इंजिन ऑइल बदलले, गिअर ऑइल बदलल्याचे मात्र आठवत नाही. एक मेकॅनिक गिअरबॉक्स उतरवून पूर्ण काम करा म्हणतो, दुसरा भंगारातला गिअरबॉक्स आणून बसवा म्हणतो. काय करावे? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : सर्वांत आधी घाटाविषयी. उतारावर गिअर निसटला की इंजिनाचा रोध एका क्षणात नाहीसा होतो आणि सात आसनांच्या गाडीचा सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो. कुंभार्लीच्या वळणांवर हे जिवावर बेतू शकते, म्हणून दोष सापडेपर्यंत ही गाडी घाटात नेऊ नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. लिव्हर दाबून धरणेही थांबवावे, कारण त्या दाबाने आतला फोर्क, म्हणजे गिअर सरकवणारा चिमटा, फिरत्या स्लीव्हवर, म्हणजे गिअर दांड्याशी जोडणाऱ्या कड्यावर, सतत घासत राहतो आणि आधीच झिजलेला भाग आणखी झिजतो.

आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य पुराचे आहे. गिअरबॉक्सच्या माथ्यावर हवा ये-जा करण्यासाठी ब्रीदर नावाचे लहानसे तोंड असते. गाडी तासन्‌तास पाण्यात उभी राहिली की त्यातून आणि जुन्या सीलच्या कडांमधून पाणी आत शिरते. पाणी तेलापेक्षा जड असल्याने ते तळाशी बसते, आणि अशा बहुतेक गिअरबॉक्समध्ये ले-शाफ्ट हा आडवा दांडा तळाशीच असतो. त्याच्या बेअरिंगना गंज धरला की गोळ्यांच्या वाटेवर बारीक खड्डे पडतात, आणि पुढे तेल कितीही चांगले घातले तरी ते खड्डे भरून येत नाहीत. गेल्या काही वर्षांत हेच घडले असावे असा माझा दाट संशय आहे. तरीही नुसत्या संशयावरून गिअरबॉक्स उघडू नये.

पहिली तपासणी तेलाची करावी. गाडी दहाएक किलोमीटर चालवून तेल गरम झाल्यावर, गाडी सपाट जागी उभी करून आधी वरचा, म्हणजे तेल भरण्याचा बोल्ट सुटतो का ते पाहावे आणि मगच खालचा बोल्ट काढावा. सोळा वर्षे न उघडलेला वरचा बोल्ट सुटला नाही, तर रिकामा झालेला गिअरबॉक्स घेऊन बसण्याची वेळ येते. हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. निघालेले तेल पांढऱ्या थाळीत घेऊन उन्हात तिरपे धरावे. दूध घातलेल्या चहासारखा रंग दिसला, तर पाणी नक्की आहे. खालच्या बोल्टच्या चुंबकावर राखाडी लोण्यासारखा बारीक लेप असणे या वयात स्वाभाविक आहे, परंतु बोटांना टोचणारे कण किंवा कपचे हाती लागले, तर बेअरिंग किंवा दाते तुटत आहेत असे समजावे. तेलात पिवळी चमक असेल, तर ती पितळी सिंक्रो रिंगांची, म्हणजे गिअर पडण्याआधी दोन्ही भागांचा वेग जुळवणाऱ्या कड्यांची, झीज असते. मागच्या डिफरन्शियलचे, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या पेटीचे, तेलही त्याच दिवशी काढून पाहावे, कारण तेही त्याच पाण्यात बुडाले होते.

न्यूट्रलमधील घरघर पुष्कळ काही सांगते. क्लच सोडलेला असताना गाडी उभी असली तरी गिअरबॉक्सचा पुढचा दांडा आणि ले-शाफ्ट फिरत असतात. क्लच दाबला की ते थांबतात. त्यामुळे क्लच दाबल्यावर बंद होणारा आवाज या दोन दांड्यांच्या बेअरिंगचा असण्याची शक्यता जास्त असते. उलट, क्लच दाबल्यावर सुरू होणारा आवाज रिलीज बेअरिंगचा, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लचला ढकलणाऱ्या बेअरिंगचा, असतो आणि तो तुलनेने किरकोळ खर्चात सुटतो. जुन्या डिझेल गाड्यांत ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना थोडी खडखड असतेच. ती इंजिनाचा वेग किंचित वाढवताच नाहीशी होते, मात्र बेअरिंगची घरघर वेगाबरोबर चढत जाते. यानंतर सपाट, मोकळ्या रस्त्यावर ताशी 50 किलोमीटरच्या आसपास वेग ठेवून तिसरा, चौथा आणि पाचवा गिअर आळीपाळीने वापरावा. आपल्यासारख्या गाड्यांत चौथा गिअर सहसा थेट असतो, म्हणजे जोर ले-शाफ्टकडे न वळता सरळ मागे जातो. तिसऱ्यात आणि पाचव्यात घरघर आणि चौथ्यात जवळपास शांतता असेल, तर दोष ले-शाफ्टकडे आहे याविषयी फारशी शंका उरत नाही. तिन्ही गिअरमध्ये आवाज सारखाच राहून केवळ गाडीच्या वेगाप्रमाणे बदलत असेल, तर डिफरन्शियल किंवा चाकांची बेअरिंग तपासावीत.

दुसऱ्या गिअरची खरखर गिअरबॉक्सचीच असेल असे नाही. क्लच पूर्ण सुटत नसेल तरी गिअर खरखरतो. गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवून क्लच दाबावा, चार-पाच सेकंद थांबावे आणि रिव्हर्स टाकावा. रिव्हर्सला बहुधा सिंक्रो नसतो, त्यामुळे एवढे थांबूनही तो खरखरला, तर क्लच सुटत नाही असे धरावे. पेडल दोन-तीनदा पंप केल्यावर गिअर सहज पडत असेल, तर क्लचच्या सिलिंडरमध्ये गळती किंवा त्याच्या नळीत हवा आहे. त्यासाठी गिअरबॉक्सला हात लावण्याचे कारण नाही. रिव्हर्स शांतपणे पडत असेल, तर चालत्या गाडीत ट्रकचालकांप्रमाणे डबल क्लच करून, म्हणजे न्यूट्रलमध्ये एकदा क्लच सोडून आणि पुन्हा दाबून, दुसरा टाकून पाहावा. तसा तो आवाज न करता पडला, तर दुसऱ्याची सिंक्रो रिंग झिजली आहे, किंवा तेल चुकीचे आहे. गिअरबॉक्ससाठी गाडीच्या पुस्तिकेत जीएल-4 दर्जाचे तेल सांगितलेले असताना डिफरन्शियलचे जीएल-5 तेल दोन्हीकडे ओतण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. ते तेल अधिक निसरडे असल्याने सिंक्रोची पकड बसत नाही आणि त्यातली काही रसायने पितळही खातात. पुस्तिकेप्रमाणे योग्य तेल भरल्यावर केवळ सकाळची खरखर राहिली, तर तिच्यासाठी गिअरबॉक्स उघडण्याचा आग्रह मी धरणार नाही.

‘खट्’ आवाजासाठी इंजिन बंद करून, चारही चाकांना दगड लावून, न्यूट्रलमध्ये प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागे जाणारा लांब दांडा, हाताने दोन्ही दिशांना हलवून पाहावा. क्रॉसमध्ये, म्हणजे त्या दांड्याच्या टोकाच्या सांध्यात, ढिलाई असेल, तर ती बोटांना लगेच कळते आणि क्रॉस बदलण्याचे काम अर्ध्या दिवसाचे आहे. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या रबरी माउंटिंगही त्याच वेळी पाहाव्यात.

उरतो निसटणारा तिसरा गिअर. लिव्हरभोवतीचे रबर कडक होऊन लिव्हरला मागे ओढत नाही ना, एवढे आधी पाहावे. ते ठीक असेल, तर फोर्क, स्लीव्हचे दाते, दांडा जागी अडवणारी गोळी-स्प्रिंग किंवा बेअरिंग झिजल्यामुळे पुढे-मागे सरकणारा दांडा, यांपैकी काहीतरी कारण असते आणि ते गिअरबॉक्स उघडल्याशिवाय कळत नाही. म्हणून आपला पहिला मेकॅनिक शेवटी बरोबर ठरण्याची शक्यता आहे. मात्र तेलाची आणि चौथ्या गिअरची तपासणी करून गेलात, तर त्याला नेमके काय बदलायचे ते आधीच सांगता येईल. गिअरबॉक्स उतरवलाच, तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि इंजिनाचा मागचा ऑइल सील त्याच वेळी पाहून घ्यावेत, कारण त्यांच्यासाठी पुन्हा तीच मजुरी भरणे परवडणारे नाही. भंगारातला गिअरबॉक्स मी सुचवणार नाही. तो कोणत्या गाडीचा, किती चाललेला, हे सांगणारा कोणी नसतो आणि आपल्याच भागातून आलेला असेल, तर तोही त्याच पुरात बुडालेला असू शकतो.

प्रश्न : माझी ऑटोमॅटिक गाडी 1,60,000 किलोमीटर चालली आहे. डी वर टाकल्यावर ती दोन-तीन सेकंदांनी पुढे सरकते. गिअरबॉक्सचे तेल कधीच बदललेले नाही. आता बदलावे का? – एक वाचक, पुणे

उत्तर : आधी तेलाची पातळी पुस्तिकेत दिलेल्या पद्धतीनेच पाहावी, कारण काही गाड्यांत ती इंजिन चालू ठेवून, तर काहींत बंद करून मोजतात. पातळी कमी असेल, तर केवळ तेवढ्यानेही असा विलंब होतो. तेल लालसर-तपकिरी असून त्याला जळका वास नसेल, तर बदलावे. परंतु यंत्राने सगळे तेल एकदम ढकलून काढू नये. खालून जितके निघेल तितके काढून तेवढेच नवे भरावे, आठवडाभर गाडी चालवून तेच पुन्हा करावे. तेल काळे आणि जळक्या वासाचे असेल, तर आतल्या क्लचच्या चकत्या झिजल्या आहेत. अशा वेळी नव्या तेलाने विलंब जाईल ही आशा ठेवू नये. काही गाड्या तेल बदलल्यानंतर आठवड्यात घसरू लागतात आणि दोष तेलावर येतो. प्रत्यक्षात त्या चकत्या आधीच संपलेल्या असतात. म्हणून तेलाला हात लावण्यापूर्वी स्कॅनरवर गिअरबॉक्सच्या दोषांच्या नोंदी तपासून त्यांची छापील प्रत मागून घ्यावी.